आयर्विनवर दुकानं नकोत, पण आयर्विनची स्वतःची तिजोरी पाहिजे

गेले काही दिवस सांगलीत परत तोच विषय चाललाय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या शेजारी समांतर पूल झाला, आता जुन्या पुलाचं करायचं काय. कुणीतरी इटलीतल्या फ्लोरेन्सच्या पोंते वेक्किओचा फोटो फिरवला, दोन्ही बाजूंना पिवळी-तांबूस दुकानं, खाली आर्नो नदी, आणि लिहिलं की गाड्या नव्या पुलावर घाला, आयर्विनवर दुकानं काढा, सांगलीचं नाव जगात होईल. लगेच दोन तट पडले. एक गट म्हणतो रोजगार येईल, टुरिस्ट येतील, भडंगापासून हळदीपर्यंत सगळं एका जागी विकता येईल. दुसरा म्हणतो ऐतिहासिक वास्तू आहे, बाजार मांडू नका, हात लावू नका. दोन्हीकडचं वाचून मला वाईट वाटतं, कारण पहिल्यांना फोटो दिसतो पण त्या पुलामागचा हिशोब दिसत नाही, आणि दुसऱ्यांना वाटतं की हात न लावणं म्हणजे जपणं. दगडी पूल असा हात न लावता टिकत नसतो हो.

माझं मत आधीच सांगते. आयर्विनवर दुकानं नकोत, एकसुद्धा नको. पण ज्या पुलांचे फोटो आपण एकमेकांना पाठवतोय त्यांच्याकडनं एक गोष्ट जरूर उचलायला पाहिजे, ती म्हणजे पुलाच्या नावाने आलेला पैसा पुलावरच खर्च होणं, वेगळ्या खात्यात, दरवर्षी लोकांसमोर हिशोब मांडून. युरोपातले हे दुकानांचे पूल टिकले ते या एका व्यवस्थेवर, आणि जिथं ही व्यवस्था मोडली तिथं पूल पडले किंवा दुकानं तरी पाडावी लागली. वाद घालायचाच असेल तर यावर घालूया.

मुळात पुलावर दुकानं का बांधायचे लोक? शोभेसाठी नाही. मध्ययुगातली गावं तटबंदीच्या आत दाटीवाटीने वसलेली, जागेला सोन्याचा भाव, आणि नदी ओलांडायला एकच पूल, म्हणजे सगळं गिऱ्हाईक तिथूनच जाणार. मग ज्याने पूल बांधला तो त्यावर गाळे काढून भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यातनं पुलाचा खर्च निघायचा. फ्लोरेन्समध्ये १३३३ च्या नोव्हेंबरात आर्नोला भयानक पूर आला, आधीचा पूल वाहून गेला, मग १३४५ पर्यंत तीन चपट्या दगडी कमानींचा आजचा पूल उभा राहिला. त्यावरची दुकानं सुरुवातीला नगराच्या मालकीची होती आणि भाडं नगराच्या तिजोरीत जायचं. थोडक्यात तिथं दुकान हे पुलासाठी होतं. आपल्याकडं आता जे बोललं जातंय ते नेमकं उलटं आहे, दुकानांसाठी पूल वापरायचा.

लंडनचं उदाहरण तर अजून स्पष्ट आहे. तिथला दगडी पूल ११७६ ला सुरू झाला आणि १२०९ ला पुरा झाला, बांधणारा पीटर ऑफ कोलचर्च नावाचा धर्मगुरू, तो पूल पुरा होण्याआधीच गेला. वर घरं, दुकानं, मधोमध प्रार्थनास्थळ. १३५८ च्या नोंदीत या पुलावर १३८ दुकानं दिसतात. त्यांचं भाडं, जकात, आणि लोकांनी मरताना पुलाच्या नावाने लिहून ठेवलेल्या जमिनी-घरं, हे सगळं एका वेगळ्या निधीत जमा व्हायचं. आपल्याकडं देवाच्या नावाने इनाम जमीन असायची, दिवाबत्ती तिच्या उत्पन्नातनं व्हायची, तसंच हे पुलाचं इनाम. आणि हा निधी आज आठशे वर्षांनंतरही जिवंत आहे, टॉवर ब्रिज धरून लंडन शहरातले पाच पूल आजही त्याच पैशावर सांभाळले जातात, करदात्याच्या खिशाला हात न लावता. दुकानं जाऊन अडीचशे वर्षांच्या वर झाली, जुना पूलसुद्धा गेला, पण तिजोरी राहिली. यातलं काय शिकायचं, दुकानं का तिजोरी?

आता ही तिजोरी मोडली की काय होतं तेही त्याच पुलाने दाखवलंय. राजा तिसऱ्या हेन्रीने पुलाचं उत्पन्न आपल्या राणीला, एलिनॉरला देऊन टाकलं. तिने वर्षानुवर्षं पैसा घेतला आणि डागडुजीकडं बघितलं नाही, लंडनकर तक्रारी करत राहिले, आणि १२८२ च्या हिवाळ्यात बर्फाच्या रेट्याने पाच कमानी खाली आल्या. बर्फ तर निमित्त झालं, त्याच्या आधीही बर्फ पडतच होता की. पॅरिसमध्ये तर याहून वाईट झालं. नोत्र-दाम पूल तेव्हा लाकडी होता, वर घरांच्या रांगा, भाडं नगराचे कारभारी घेत होते, आणि १४९९ च्या ऑक्टोबरात एका सुताराने येऊन सांगितलं की पूल आज पडणार. घाईघाईने लोकांना बाहेर काढलं तरी काही जण गेलेच. मग लोकांनी विचारलं की भाडं तर दरवर्षी घेत होता, ते लावलं कुठं? नगरप्रमुखासकट कारभाऱ्यांना तुरुंगात टाकलं, दंड वसूल केला. पाचशे वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारला गेला आणि त्यावर माणसं आत गेली. आपण सावित्रीच्या पुलानंतर विचारला का असा प्रश्न? २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल, सावित्रीला पूर, आणि दोन एसटी बस माणसांसकट नदीत. सगळ्या महाराष्ट्रात जुन्या पुलांची तपासणी करायची म्हणून धावपळ झाली, पण एकेका पुलासाठी दरवर्षी किती पैसा ठेवला जातो आणि तो कुठं जातो, हे आजही रस्त्यावरच्या माणसाला विचारा, कुणालाच सांगता येणार नाही.

दुकानं पाहिजेत म्हणणाऱ्यांचे मुद्दे काही पोकळ नाहीत. सगळ्यात जोरदार मुद्दा हा की वापर थांबला की पूल मरतो. गाड्या नव्या पुलावर गेल्या की जुन्याकडं कोण बघणार, दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवेल, पाणी निघून जायची भोकं मातीने बुजतील, रात्री बाटल्या फुटतील, आणि वीस वर्षांनी धोकादायक म्हणून पाडायचा ठराव होईल. हे खरंय. जुन्या वाड्यांचं काय झालं ते आपण बघितलंय. दुसरा मुद्दा, दगडी कमानीला वजनाचं भय नसतं, उलट वजनाने दगड एकमेकांत अजून घट्ट बसतात, मग हलक्या दुकानांनी काय होणार? हेही बऱ्यापैकी खरंय. आणि तिसरा, हा भारतात न होण्यासारखा प्रकार नाही. जौनपूरला गोमतीवरचा शाही पूल अकबराच्या काळात मुनीम खानाने बांधला, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी छत्र्या आहेत आणि त्या छत्र्यांमधनं दुकानं चालली. १९३४ च्या भूकंपात त्याच्या सात कमानी नव्याने बांधाव्या लागल्या, तरी पूल वापरात राहिला. मग सांगलीलाच का नाही?

सांगलीत का नाही याचं पहिलं उत्तर कृष्णा. आमचं दुकान गणपती पेठेत आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, म्हणजे धोक्याच्याही वर बारा फूट. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर वह्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या, एक पान सुटत नव्हतं, आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर गाळाची रेघ, ती रेघ आम्ही दोनदा रंग मारला तरी पावसाळ्यात ओल धरून परत दिसते. २०२१ ला परत पन्नाशी ओलांडली. पेठेतल्या माणसाला जुलै-ऑगस्टात दुसरा प्रश्नच नसतो, सकाळी उठल्या उठल्या, "आयर्विनला किती फूट?" पुलाच्या खांबावर रंगवलेले ते फुटांचे आकडे म्हणजे आमचं पंचांग. या पुलावर आपण लाकूड-काचेची दुकानं, वायरी, गॅसच्या टाक्या आणि माल भरून ठेवायचं म्हणतोय?

फ्लोरेन्सच्या फोटोबरोबर ४ नोव्हेंबर १९६६ चे फोटोही फिरवा म्हणते मी. आर्नोचं पाणी पुलावरच्या दुकानांत घुसलं, झाडांचे ओंडके भिंती फोडून आत आले, सोन्याचा माल नदीत गेला. रात्रीच्या राखणदाराने काही सोनारांना फोन करून उठवलं म्हणून त्यांना हाताला लागलं तेवढं तरी वाचवता आलं. गंमत नाही ही, १३३३ चा पूरही ४ नोव्हेंबरचाच होता. सहाशे वर्षांत नदीने स्वभाव बदलला नाही, आणि तिथं निदान दुकानात सोनं होतं, पिशवीत भरून पळता येतं. हळदीची पोती घेऊन कुठं पळणार?

वजनाच्या मुद्द्याबद्दल एवढंच की कमानीला सारखं पसरलेलं, कायमचं वजन मानवतं हे मान्य, पण दुकानांनी पूल मरतो तो वजनाने नव्हे, झाकला गेल्याने मरतो. दगडी पुलाचा खरा वैरी पाणी. वरनं पडलेलं पावसाचं पाणी आतल्या भरावात मुरतं, सांध्यातला चुना धुऊन नेतं, आणि बाजूच्या भिंती हळूहळू बाहेर फुगायला लागतात. हे वेळेत दिसायला कठडा, सांधे, पाण्याची भोकं, सगळं उघडं आणि हाताशी पाहिजे. वर दुकानांची रांग बसली की कठडा दुकानाच्या मागं, भोकं पायपुसण्याखाली, आणि प्रत्येक गाळेवाला आपापल्या परीने खिळे ठोकणार, पाइप काढणार, सांडपाणी सोडणार. सोडणार कुठं? कृष्णेतच. शहराचं सांडपाणी नदीत नेणाऱ्या शेरी नाल्याचं दुखणं एवढी वर्षं आपण भोगतोय, त्यात पुलावरनं थेट नदीत अजून एक नाला जोडायचा का? पोंते वेक्किओवर सोनारांच्या आधी खाटीक होते आणि ते आतडी-कातडी सरळ आर्नोत टाकायचे, तेव्हा ती सोय मानली जायची.

आणि या खाटकांचं पुढं काय झालं ते रोजगाराच्या नावाने बोलणाऱ्यांनी नीट ऐकावं. १५६५ मध्ये फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याने आपल्या राजवाड्यात जायला-यायला दुकानांच्या डोक्यावरनं एक बंद वाट बांधून घेतली, वासारी नावाच्या वास्तुविशारदाने पाच महिन्यांत पुरी केली. मग वरनं जाताना खालचा वास येतो म्हणून १५९३ मध्ये त्याच घराण्यातल्या फर्दिनांदोने खाटीक आणि असले सगळे धंदेवाले काढून टाकले आणि सोनारांना बसवलं. जे आज आपल्याला फोटोत सुंदर दिसतं ते गरीब धंदेवाल्यांना हुसकून झालेलं आहे. आयर्विनच्या तोंडाशी आज जी बाई कणसं भाजते, जो पोरगा गाड्यावर भडंग कालवतो, त्यांना त्या नव्या गाळ्यांत जागा मिळेल असं खरंच कुणाला वाटतं का? डिपॉझिट किती, लिलाव कसा, बोली कोण लावणार, हे सांगलीतल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा. दोन वर्षांत तिथं तेच मोबाईलचं दुकान, तोच कपड्यांचा ब्रँड, जे आत्ता शंभर पावलांवर आहेत.

मालकीचा प्रश्न त्याहून अवघड. फ्लोरेन्सने १४९५ मध्ये पैशाच्या अडचणीत ती दुकानं खाजगी माणसांना विकली. पुढच्या काळात दुकानदारांनी मागच्या बाजूने नदीवर लाकडी टेकू देऊन खोल्या बाहेर काढल्या, ज्याला जेवढी जमली तेवढी. आज त्या लटकत्या खोल्या फोटोत छान दिसतात, पण आपण काय बघतोय ते लक्षात घ्या, ते अतिक्रमण आहे, जुनं झालं म्हणून वारसा झालंय. आपल्याकडं दुकानापुढं पत्र्याचं शेड कसं येतं, मग त्याखाली फरशी, मग त्याला भिंत, हे सांगायची गरज नाही. पुलावर ते काढायला कोण जाणार?

ज्यांनी हे पूल शतकानुशतकं वापरले त्यांनीच शेवटी ती घरं काढली, हे या वादात कुणी सांगतच नाही. लंडनच्या पुलावर रस्ता इतका अरुंद झाला होता की काही ठिकाणी जेमतेम बारा फूट उरला, गाड्या तासन् तास अडकायच्या, १७२२ मध्ये डाव्या बाजूने चला असा नियम करावा लागला. १७५८ ते १७६२ मध्ये सगळी घरं उतरवली. पॅरिसने १७८६ मध्ये नोत्र-दाम पुलावरची घरं पाडली, आणि त्याच्या खूप आधी, १६०७ ला पुरा झालेला पाँ नफ हा पूल मुद्दाम घरांशिवाय बांधला, लूव्ह्र राजवाडा मोकळा दिसावा म्हणून. इंग्लंडमधल्या बाथ गावचा पुल्टनी पूल १७७४ चा, दुकानांसकट हौसेने बांधलेला, १७९९ आणि १८०० च्या पुरांनी त्याची एक बाजू एवढी खराब केली की परत बांधावी लागली. जर्मनीतल्या एरफुर्टचा १३२५ चा पूल हा खरा अपवाद, त्यावर आजही ३२ घरं आहेत, माणसं राहतात, खाली दुकानं चालतात. पण तिथली बहुतेक घरं नगराच्या मालकीची आहेत आणि कुठला धंदा बसवायचा हे नगर ठरवतं. परत तिथंच येतो आपण, मालक कोण आणि भाडं जातं कुठं.

भाडं जातं कुठं हे न बघितल्याचं आपल्या शेजारचं उदाहरण मोरबी. ऐतिहासिक झुलता पूल, देखभालीसकट एका खाजगी कंपनीच्या हातात, तिकीट लावून माणसं आत सोडलेली, आणि ३० ऑक्टोबर २०२२ ला १३० च्या वर माणसं मच्छू नदीत गेली. पुलावर पैसा मिळत नव्हता असं नव्हे, पैसा मिळत होता आणि पूल गंजत होता. गर्दी म्हणजे पूल जिवंत, हे समीकरणही तपासून घ्या. व्हेनिसचा रिआल्तो पूल आधी लाकडी होता, १४४४ मध्ये लग्नाची मिरवणूक बघायला जमलेल्या गर्दीने तो खाली आला. आणि १५ जून २०२५ ला पुण्याजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने पडला. गाड्या बंद केल्या म्हणजे धोका संपला असं होत नाही, माणसांचा हिशोबही करावा लागतो.

एवढं सगळं म्हटल्यावर दुसऱ्या गटाला वाटेल मी त्यांच्या बाजूची. नाही. "हात लावू नका" हे सगळ्यात सोपं बोलणं आहे, कारण त्यात काहीच करावं लागत नाही. शिवाय आयर्विन कुठल्या पुराणातला नाही. १९२९ मध्ये सांगली संस्थानने चिंतामणराव पटवर्धनांच्या काळात बांधला, व्हाइसरॉयच्या हस्ते उघडला, आणि तोपर्यंत नदीपलीकडच्या सांगलीवाडीच्या माणसाला पुरात नावेच्या भरवशावर राहावं लागायचं. तो कामाला बांधला होता आणि कामातच राहिला पाहिजे. चालायला, सायकलला, सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांना, शाळेला जाणाऱ्या सांगलीवाडीच्या पोरांना, होड्यांच्या शर्यती बघायला कठड्यावर रेलणाऱ्यांना, आणि पुरात दुसरी वाट म्हणून. उघडा पूल, बाकडी, दिवे, सावली. नदी दिसली पाहिजे. शर्यतीच्या दिवशी एका वेळी किती माणसं वर सोडायची हे अभियंत्याने लिहून दिलं पाहिजे आणि पोलिसांनी ते पाळलं पाहिजे.

आणि पैसा? इथं लंडनची ती तिजोरी उपयोगी पडते. गाळे पुलावर नको, पण पुलाच्या दोन्ही तोंडांशी, टिळक चौकाकडं आणि सांगलीवाडीकडं, पूररेषा बघून हातगाडीवाल्यांना हक्काच्या जागा द्या, रोजची पावती अशी ठेवा की कणसंवालीला परवडेल. ती पावती, पार्किंग, बॅनरची फी, शूटिंगचं भाडं, सगळं आयर्विनच्या नावाच्या एका खात्यात. ठरावातच लिहा की हा पैसा दुसऱ्या कशालाही वळवता येणार नाही, रस्त्याला नाही, उत्सवाला नाही, पगाराला नाही. सांगली अर्बन-ग्रामीण असला वाद न करता हे खातं सांभाळणाऱ्यांत सांगलीवाडीची माणसंही असली पाहिजेत. कुणी म्हणेल एवढ्याने काय होणार, मोठ्या दुरुस्तीला कोटी लागतात. बरोबर, मोठी दुरुस्ती सरकारनेच करायची. पण पूल मोठ्या दुरुस्तीपर्यंत पोचतो तो छोट्या कामांअभावी, पिंपळाचं रोप मुळासकट काढणं, भोकं मोकळी करणं, सांधे भरणं, पूर उतरल्यावर खांबाच्या पायाशी माती किती खरवडली ते पाणबुड्याकडनं बघून घेणं. याला कोटी लागत नाहीत, दरवर्षी वेळेवर थोडा पैसा आणि जबाबदार माणूस लागतो.

२०२९ ला आयर्विनला शंभर वर्षं होतील. तेव्हा रोषणाई होईल, भाषणं होतील, फ्लोरेन्सचा फोटो परत निघेल. त्याच्या आधी, येत्या मे महिन्यात, एकच मागणी घेऊन जाऊया. पूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी गेल्या पाच वर्षांत आयर्विनवर कधी, काय आणि किती रुपयांचं काम झालं, शेवटची तपासणी कोणी केली आणि त्यात काय निघालं, हे मराठीत छापून टिळक चौकात बोर्डावर लावावं. दुकानं पाहिजेत म्हणणारे आणि नकोत म्हणणारे, दोघांनी एकाच अर्जावर सह्या कराव्यात. मी पहिली सही करते.